पोरींच्या टाकीतला करडा मासा

मी माफी मागितली आणि माझं कौतुक झालं. या गोष्टीला दोन वर्षं होत आली, पण त्या कौतुकाची लाज काही केल्या जात नाही. ज्या चुकीबद्दल माफी मागितली तिची लाज एक वेळ कमी झाली असती, कारण ती चूक रागाच्या भरात झाली. माफी मागताना जे केलं ते मात्र मी शुद्धीत केलं, चांगली साडी नेसून केलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

भांडण माशांवरून झालं, तेव्हा आधी मासेच सांगते. आमची वाडी वाणगाव स्टेशनपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. चिकू, नारळ, कडेला थोडी केळी. नवरा तारापूरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये आहे, सकाळी बसने जातो आणि संध्याकाळी अंगाला औषधासारखा वास घेऊन येतो. मी पालघरच्या कॉलेजातून झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले. लग्नानंतर बारा वर्षं ती डिग्री कपाटात साड्यांखाली पडून होती. मग एकदा डोक्यात घेतलं आणि चिकूच्या सावलीत सिमेंटच्या अकरा टाक्या बांधल्या, वर हिरवी जाळी टाकली आणि रंगीत मासे वाढवायला लागले. सासरी सगळे हसले. हसू देत, म्हटलं. माझ्या नाकावर राग असतो हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तोंडावर फार कोणी हसलं नाही.

मी फक्त गप्पी वाढवायचे. गप्पी आमच्या भागात कोणाला नवा नाही. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याची माणसं तो नाल्यात, डबक्यात सोडतात. तो नाल्यातला गप्पी करडा, अर्ध्या बोटाएवढा, बघावासा वाटणार नाही असा. माझे मासे त्याचेच भाऊबंद, पण पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेले. नराची शेपटी लालभडक आणि पदरासारखी लांब. बोईसरचा रंगीत माशांचा दुकानदार माझ्याकडूनच माल न्यायचा, आणि माझी लाल जात एकदम शुद्ध आहे असं गिऱ्हाइकांना छातीठोक सांगायचा.

ही शुद्धता सांभाळणं हीच सगळी मेहनत. गप्पीची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. एकदा नराशी संबंध आला की त्याचं बी ती पोटात महिनोन्‌महिने जपून ठेवते आणि त्याच बीवर पुन्हा पुन्हा विते. म्हणजे कोवळ्या माद्यांमध्ये एक जरी भलता नर शिरला, तरी त्या सगळ्या माद्या गेल्या कामातून. म्हणून पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की नर आणि माद्या वेगळ्या करायच्या. माद्या एका टाकीत राहायच्या, मी त्यांच्यासाठी नवरा निवडेपर्यंत. मावशी त्या टाकीला पोरींची टाकी म्हणायच्या. मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

मावशी म्हणजे माझ्या टाक्यांवर काम करणाऱ्या बाई. रेल्वेच्या पलीकडे, डोंगराकडच्या पाड्यावर त्यांचं घर. थोडी पावसाची शेती, भात निघालं की पाड्यावरची बरीच घरं ट्रकात बसून भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. मावशी लग्न झाल्यापासून जायच्या. माझ्याकडे आल्यापासून मात्र चार वर्षं गेल्या नव्हत्या. सकाळी माझ्या टाक्या करायच्या, आणि चिकूच्या हंगामात पाड्यावरच्या आठ-दहा बायका घेऊन आसपासच्या वाड्यांत फळ उतरवायला जायच्या. वाडीवाले म्हणायचे, ती बाई असली की मागे उभं राहावं लागत नाही. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करायचे. ते मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे ते टिकलं नाही.

नर-मादी ओळखायला मीच त्यांना शिकवलं. पहिल्याच दिवशी पांढऱ्या घमेल्यात पिल्लं घेऊन दाखवलं, बघा मावशी, पोटाखालचा पर बघायचा. मादीचा पंख्यासारखा पसरट, नराचा बारीक काडीसारखा. मग कामाचा झपाटा वाढला आणि माझंच पोटाखाली बघणं सुटलं. लाल दिसला की नर, साधी दिसली की मादी. माझ्या टाक्यांत सगळे नर लालच व्हायचे, त्यामुळे चूक होत नव्हती. मावशी मात्र एकेक पिल्लू काचेच्या पेल्यात घेऊन, पेला डोळ्यांसमोर धरून खालून बघत बसायच्या.

"मावशी, रंग दिसत नाही का? किती वेळ लावता!"

"ताई, रंग काय, रंग मागून पन येतो."

मी कपाळाला हात लावायचे. एवढ्या चिकटपणाने काम केलं तर झालंच, म्हणायचे.

त्या वर्षी गणपतीनंतर दुकानदार म्हणाला, पोरींची टाकी बघायला येतो, पुढची सगळी पिल्लं मलाच द्या. मला हुरूप आला. टाकी नुसती सिमेंटची, भकास दिसत होती. मी स्कूटर काढली, वाणगावच्या बाजूला कालव्यातून पिशवीभर हायड्रिला उपटून आणली. पाण्यातलं हे हिरवं गवत टाकीत सोडलं की मासे खुलून दिसतात. आता, बाहेरची वनस्पती आठ दिवस वेगळ्या बादलीत ठेवल्याशिवाय टाकीत टाकायची नाही, हा नियम मी स्वतः पंपाच्या खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिला होता. मावशींना वाचता येत नव्हतं, पण नियम पाठ होता.

"ताई, बादलीत नाय ठेवायचं?"

"उद्या माणूस येतोय, आठ दिवस कुठून आणू? एकदा नाही ठेवलं तर काय आभाळ कोसळतंय?"

माझ्या हाताने मी ती हायड्रिला टाकीत पसरली. दुकानदार आला, वा मॅडम वा म्हणाला आणि खूश होऊन गेला. मीही दिवसभर हवेत होते.

पाच-सहा दिवसांनी मावशी म्हणाल्या, "ताई, पोरींच्यात एक वेगळी हाय. ती पोरींच्या मागं लागते."

"मग लागू दे की. पोरी खेळतात."

"खेळत नाय. खालून येते, मागून. गुपचूप येते नि पटकन जाते. आपल्या पोरींनी मान वळवली तवर झालेलं असतं."

काय झालेलं असतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी मोठ्याने हसले. दुपारी जेवताना थोरल्या जाऊबाईंना ते त्यांच्या आवाजाची नक्कल करून सांगितलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. ती नक्कल आठवली की आजही जेवणातून मन उडतं.

कारण मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच! कॉलेजात हा धडा मी घोकला होता. नर एकाच तऱ्हेचे नसतात. एक रंगवाला असतो, तो मादीसमोर येतो, अंग वाकवून थरथरतो, शेपटी पसरून नाचतो, आणि मादी बघते, आवडला तर घेते, नाही तर तोंड फिरवते. दुसऱ्याकडे रंग नसतो. तो नाचण्यात वेळ घालवत नाही. माद्यांच्या घोळक्यात मादीसारखाच दिसत राहतो आणि मागून येऊन आपलं काम उरकतो. मासे म्हणू नका, बेडूक म्हणू नका, कितीतरी जातींत असे चोरटे नर असतात. परीक्षेत यावर मी दोन पानं उत्तर लिहिलं होतं. आणि न वाचता येणारी बाई टाकीकडे बघून मला तेच तोंडी सांगत होती, तर मी तिची नक्कल केली.

दिवाळीला तीनेक आठवडे होते. दुकानदार पुन्हा आला. त्याच वेळी थोरल्या जाऊबाई तिथे होत्या, आणि शेजारच्या वाडीतल्या काकू कढीपत्ता न्यायला आल्या होत्या. दुकानदार टाकीवर वाकला, हायड्रिला बाजूला सारली आणि थांबला. गवताखाली पिल्लं होती. पोरींच्या टाकीत पिल्लं! त्याने छोट्या जाळीने एक करडा मासा काढला, वाटीत घेतला.

"मॅडम, ये तो नाली का गप्पी है. आपके यहाँ?"

माझी कानशिलं तापली. जाऊबाईंच्या चेहऱ्यावर मला हसू दिसलं, कदाचित नसेलही. आणि माझं डोकं भराभर चालायला लागलं. पूर्ण झूलॉजी चाललं त्यात. हा करडा मासा म्हणजे नाल्यातली मादी. पोटात बी घेऊनच आली आणि इथे व्याली. आता ती आली कशी? टाकीत माद्या मोजलेल्या. म्हणजे कोणीतरी माझी शुद्ध मादी काढून नेली आणि आकडा भरायला ही टाकली. टाक्यांत हात घालणाऱ्या दोघीच, एक मी आणि एक मावशी. कसं अगदी चोख बसलं सगळं! ज्या हाताने कालव्यातलं गवत टाकलं होतं तो हात मला आठवलासुद्धा नाही.

"विकलेस ना माझे मासे?" मी शेजारच्या टाकीवर काम करणाऱ्या मावशींवर ओरडले. रोजचं अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. "चांगल्या पोरी उचलल्यास आणि नाल्यातली घाण आणून टाकलीस!"

मावशी रडल्या नाहीत. त्यांनी दुकानदाराच्या हातातली वाटी घेतली, माझ्यासमोर धरली. "ताई, ही मादी नाय. मी तुमाला तवाच सांगितलं व्हतं. पोटाखाली बघा, काडी हाय."

वाटी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. वाकून एकदा बघायचं, एवढंच काम होतं. सगळे बघत होते आणि मी वाकले नाही.

"मला शिकवतेस? मी झूलॉजी केलंय. तू काय केलंयस? चालू पड इथून!"

मावशींनी वाटी कठड्यावर ठेवली. नळावर हात धुतले, पदराला पुसले, पंपाच्या खोलीतून आपला डबा घेतला आणि गेल्या. जाताना फाटकाची कडी रोज लावायच्या तशी लावून गेल्या. दुकानदार मला समजावल्यासारखं म्हणाला, "जाने दो मॅडम, ये लोग ऐसे ही होते हैं." मी मान हलवली. त्याला एका शब्दाने अडवलं नाही, उलट मला तेव्हा बरं वाटलं.

तो करडा मासा मी काचेच्या बरणीत घातला आणि बरणी ओटीवर ठेवली. पुरावा म्हणून! जो कोणी येईल त्याला दाखवायचे. ही बघा, माझी मादी चोरून ही ठेवली होती. लोक बरणीत डोकावायचे, च्‌च्‌ करायचे. आमच्याकडे वाडीतून वाडीत बातमी जायला फोन लागत नाही. आठवडाभरात कोणत्याही वाडीने मावशींना चिकू उतरवायला बोलावणं बंद केलं. मला हे जाऊबाईंनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, भोगा म्हणावं आता. असंच म्हटलं, शब्द बदललेला नाही.

पुढच्या रविवारी नवरा ओटीवर चहा पीत बसला होता. बरणी उन्हात होती. त्याला माशांतलं ओ की ठो कळत नाही. तो म्हणाला, "अगं, तुझ्या या चोरीच्या बाईला पोटाखाली काडी कसली?"

मी हातातलं काम टाकून आले. काचेतून, बाजूने, भर उन्हात, लपवायला काही नव्हतंच. बारीक, मागे वळलेली काडी. नर. इतके दिवस मी लोकांना पुरावा म्हणून दाखवत होते, तो मावशींचा पुरावा होता. मी पळत टाकीवर गेले. तिथे आणखी पिल्लं होती, आणि माझ्या स्वतःच्या चार-पाच माद्या पोटं फुगवून फिरत होत्या. मग पिशवीतली हायड्रिला आठवली. कालवा आठवला. बादलीत नाय ठेवायचं, हे आठवलं. मी टाकीच्या कठड्यावर बसले आणि मला स्वतःची इतकी शिसारी आली की तिथून उठवेना.

मावशींच्या पाड्यावर ट्रक यायला तेव्हा पंधरवडा होता. हे मी लपवणार नाही. पंधरा दिवस होते माझ्याकडे. स्कूटरने वीस मिनिटांचा रस्ता. रोज सकाळी म्हणायचे, आज जाते. मग घर साफ करायचं निघायचं, मग चकल्या, मग दिवाळीच्या तोंडावर वाईट विषय नको. खरं कारण एकच. तिथे गेले की इथेही सांगावं लागलं असतं, जाऊबाईंना, काकूंना, दुकानदाराला. बी.एस्सी. झूलॉजीला नर ओळखता आला नाही! मी बरणी ओटीवरून उचलून आतल्या खोलीत ठेवली. काकूंनी विचारलं, "कुठे गं गेली ती तुझी चोरटी?" मी म्हटलं, मेली. तो मेला नव्हता. आत बरणीत चांगला खातपीत होता.

भाऊबीज झाल्यावर फराळाचा डबा घेऊन गेले. मावशींच्या दाराला बाहेरून कडी होती आणि कडीत काटकी खोवलेली होती. शेजारच्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ बसले होते.

"ती गेली. कालच ट्रक आला. चार वर्सं नाय गेली, यंदा गेली," ते म्हणाले. "वाडीवाले घेत नाय ना तिला. काय चोरी केली बोलतात."

फराळ त्यांना दिला आणि परत आले. ते म्हातारे मला चांगली बाई समजले असतील.

तो हिवाळा मी वाईट काढला. पोरींची टाकी पूर्ण वाया गेली होती, पण त्याचं काही वाटत नव्हतं. मी त्या करड्याला काचेच्या टाकीत सोडलं, सोबत माझे दोन लाल नर आणि तीन माद्या. आणि मावशी बघायच्या तशी स्टूल घेऊन समोर बसले. लाल नर नाचायचे, शेपट्या इतक्या लांब की वळताना त्यांची त्यांनाच अडचण. मीच वाढवल्या होत्या त्या शेपट्या, दुकानदाराला आवडतात म्हणून. माद्या बघायच्या, कधी जवळ यायच्या, कधी नाही. करडा खालून यायचा, मागून, आणि मादीने मान वळवली तोवर झालेलं असायचं. शब्दन्‌शब्द खरा होता मावशींचा. त्या माशाला मी काय दोष देणार? त्याच्याकडे रंग नव्हता, तो दुसरं काय करणार होता.

मे महिना संपता संपता कळलं, पाड्यावरची माणसं आली. मी भर दुपारी गेले. दुपारीच का, तर तेव्हा रस्त्याला कोणी नसतं. मावशी घराच्या कुडाला शेणमाती लिंपत होत्या. वाळल्या होत्या. तळहात चिरलेले, चिरांमध्ये माती बसलेली. मला बघून हात पुसले, आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. गवत मी आणलं, नियम मी मोडला, तुम्ही सांगितलं ते मी ऐकलं नाही, ती मादी नव्हती, मला दिवाळीच्या आधीच कळलं होतं आणि मी आले नाही. एका दमात बोलले. रडलेही.

मावशी म्हणाल्या, "बरं झालं, तुमाला कळलं."

"मावशी, या ना परत कामाला."

"ते बघू. आधी एक करा. हे इथं बोललात, इथं कोन हाय? तिथं चार लोकांत मला चोर बोललात. तिथं बोला."

"बोलते," मी म्हटलं. "नक्की बोलते."

आमच्या भागातल्या बायकांचं मंडळ दर महिन्याला देवळाच्या मंडपात जमतं. जूनच्या बैठकीला मी मावशींना घेऊन गेले. थोरल्या जाऊबाई होत्या, काकू होत्या, चिकूच्या वाड्यांतल्या बहुतेक सगळ्या होत्या. पस्तीसेक बायका. मी बोईसरहून नवी साडी आणली होती, नारळ, खण, हळदकुंकू. आणि स्वतः जरीच्या काठाची निळी साडी नेसले होते. का नेसले होते, ते मला तेव्हाही कळलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

मी उभी राहिले आणि फार छान बोलले. बोलता येतं मला. म्हटलं, माझ्या टाकीत बाहेरून एक मासा आला, त्यावरून माझा गैरसमज झाला आणि रागाच्या भरात मी एका कष्टाळू बाईला नको ते बोलले. त्यांनी काहीही चोरलं नव्हतं. लहान-मोठं मी मानत नाही, आज सगळ्यांसमोर त्यांची माफी मागते. आवाज भरून आला, तो खरा होता. मग मावशींना पाटावर बसवलं, ओटी भरली, साडी मांडीवर ठेवली आणि वाकून पाया पडले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी डोळे पुसले. काकू म्हणाल्या, "एवढं शिकलेली बाई, पण केवढं मोठं मन बघा!" कोणीतरी फोनवर फोटो काढला. जाऊबाईंनी, ज्यांनी आयुष्यात माझं कधी चांगलं म्हटलं नाही, माझ्या पाठीवरून हात फिरवला.

बाहेरून एक मासा आला. पाड्यावर एका दमात जे बोलले होते त्यातलं इथे एवढंच उरलं. पिशवी नाही, कालवा नाही, भिंतीवरचा माझाच नियम नाही. मावशींनी मला आधी सांगितलं होतं, आणि नंतर याच काकूंसमोर वाटी पुढे धरून सांगितलं होतं, ते नाही. विसरले नव्हते. घरून निघताना ते वाक्य तोंडात तयार होतं. समोर पस्तीस चेहरे बघितले आणि ते गिळलं. सगळ्या माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघत होत्या, मला तो घास सोडवेना.

चहा झाल्यावर मावशी निघाल्या. मी त्यांना मंडपाच्या पायरीपर्यंत सोडायला गेले. मनात म्हणत होते, आता या हसतील, येते उद्यापासून म्हणतील. त्यांनी साडीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ताई, मी सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तेवढंच नाय बोललात."

चिडून नाही म्हणाल्या. मावशी चिडल्या असत्या तर मी परत चिडले असते, मला ते जमतं. त्या पायऱ्या उतरून गेल्या. साडी घेऊनच गेल्या. ती त्यांनी माझ्या अंगावर फेकली असती तर मला बरं वाटलं असतं. मागे वळून बघितलं तर मंडपात अजून पंधरा-वीस बायका होत्या. पुन्हा आत जाऊन ते एक वाक्य सांगता आलं असतं. मी आत गेले आणि सतरंजी गुंडाळायला लागले.

मावशी कामाला आल्या नाहीत. वाडीवाले त्यांना पुन्हा चिकूला बोलावतात, तेवढं झालं. भट्टीवर त्या वर्षी गेल्या नाहीत, या वर्षीही नाही. रस्त्यात भेटल्या की थांबतात, मुलांची चौकशी करतात, माशांचा विषय काढत नाहीत. माझ्या टाक्यांवर आता दुसरी बाई आहे. तिला मी पोटाखालचा पर बघायला शिकवलं आहे आणि मी स्वतःही एकेक पिल्लू पेल्यात घेऊन बघते. कोणी विचारलं, ही पद्धत कुठे शिकलात, तर कॉलेजात म्हणते.

गेल्याच आठवड्यात काकू कढीपत्त्याला आल्या होत्या. त्यांच्या वाडीत मावशींच्या बायकांनी चिकू उतरवून दिला होता, एक फळ खाली पडू दिलं नव्हतं म्हणून काकू खूश होत्या.

"बघ, सुधारली की नाही बाई?" त्या म्हणाल्या. "तू त्या दिवशी सगळ्यांसमोर तिला माफ केलंस ना, म्हणून."

मी त्यांच्याकडे बघितलं. सांगायला काय लागत होतं? अहो, मी नाही तिला, आणि सुधारायचं तिच्यात काय होतं, आणि ती मला आधीच म्हणाली होती. तीन वाक्यं. काकू कढीपत्त्याची पानं निवडत उभ्या होत्या, घाईत नव्हत्या.

"बसा ना काकू," मी म्हटलं. "चहा टाकते."